न लिहिलेली अट



'दऱ्या' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सह्याद्री उभा राहतो. 'दर्या' म्हटले की समुद्र. आचाऱ्यांना स्वयंपाकाची मजुरी द्यावयाची असते, आचार्यांना वंदन करावयाचे असते. हा भेद आपणांस कोणी पाटीवर शिकविला नाही. तो घरात कानांनी घेतला. परंतु संगणकाला असे घर नसते. जेवढे लिहून द्यावे, तेवढेच तो जाणतो.

ज्यांची घडण कोणालाही पाहता व सुधारता येते, अशा मुक्तस्रोत प्रणालींसाठी हे लिहून देण्याचे काम पुष्कळदा स्वयंसेवक करतात. त्यांच्या माहितीपुस्तिकेत 'देवनागरी फाँट बसवा' एवढीच सूचना असली, तर ती पाळूनही आमच्या पडद्यावर ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात. कारण एक अट लिहावयाची राहिलेली असते: फाँटात मराठी वळणे असली तरी मजकुराची भाषा 'मराठी' अशी नेमून द्यावी लागते.

'ऱ्या'चीही तीच कथा. युनिकोडच्या तक्त्यात ऱ या अक्षरापुढे 'द्राविडी उच्चाराच्या लिप्यंतरासाठी' अशा अर्थाची नोंद आहे. त्याचे अर्धे रूप म्हणजेच आपला हा आडवा र, हे लगतच्या छोट्या टीपेत सापडते. साध्या र-ला हलन्त देऊन पुढे य लिहिला की रफार होतो. खाली टिंब असलेला ऱ घेतला की 'दऱ्या' साधतात. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह जे, मग डी आणि मग य, असा त्याचा क्रम आहे. 'ॲ' हे अक्षर तर युनिकोडात २००८ साली आले. मराठी वर्णमालेची प्रमाण रूपे ठरविणारा महाराष्ट्र शासनाचा निर्णय २००९ सालचा आहे.

या उणिवा दाखवाव्या कोणी? ज्याच्या चहूकडे मराठीच आहे, त्याला आपले वेगळेपण सहसा जाणवत नाही. आम्ही रायपूरकर हिंदीच्या शेजारात नांदतो. दोहोंतील अंतर आम्हांस रोज दिसते. याच शहरात राहून माधवराव सप्रे यांनी 'दासबोध' आणि 'गीतारहस्य' हिंदीत नेले. दोन्ही भाषा जाणणाऱ्याचे ते कर्तव्यच होते. आज तेच कर्तव्य निराळ्या रूपाने आपल्यापुढे आले आहे.

म्हणून तरुण मंडळींना आमची विनंती आहे. 'मराठी नीट दिसत नाही' एवढे म्हणून थांबू नका. कोणती प्रणाली, तिची कोणती आवृत्ती, कोणत्या कळा दाबल्या, काय उमटले आणि काय उमटावयास हवे होते, हे क्रमाने लिहून कर्त्यांना कळवा. उलगडा झाला की तो पुस्तिकेत घालण्यासाठी दोन ओळीही लिहून पाठवा.

आपली नातवंडे हिंदी वा इंग्रजी शाळांत शिकतात. पडद्यावर 'दर्या' पाहून ती त्यालाच 'दऱ्या' समजतील, आणि चूक त्यांची नसेल. आपण गृहीत धरले, पण लिहून ठेवले नाही, ही चूक आपली असेल.