चीनचं तिकीट आणि माळ्यावरचा पाट

मागच्या भागात मी म्हटलं होतं, पुढच्या वेळी नूडल्सवर बोलू. त्यावर बऱ्याच जणांना वाटलं की चौफुल्याच्या चायनीज गाड्यांचा नंबर लावणार. तसं काही नाहीये, सॉरी.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. पुण्याहून संध्याकाळच्या गाडीनं केडगावला येत होतो. केडगाव म्हणजे आमचं, दौंड तालुक्यातलं. नगरचं नव्हे, हे दर वेळी सांगावं लागतं. ऑफिसात एका रिलीजनं डोकं उठवलेलं, म्हणून मोबाईलवर काहीतरी बघत बसलो होतो. त्यात ‘अ बाइट ऑफ चायना’ लागलं. चिनी सरकारी टीव्हीची 2012 ची माहितीपट मालिका आहे ती. शान्शी प्रांतातल्या एका खेड्यात हातानं नूडल्स ओढतात, दोन काठ्यांवर घेतात आणि अंगणात मांडणीला टांगतात. खाली लोंबणारी ती पांढरी तार वाऱ्यावर हलते. गुआमियान म्हणतात तिला, म्हणजे टांगलेल्या नूडल्स.

मग काय, एकावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा व्हिडिओ. खेड्यांतले बाजार, युन्नानमधल्या तांदळाच्या नूडल्स, उत्तरेकडं कणकेच्या गोळीवर अंगठा दाबून केलेले ‘मांजराचे कान’. यवत येईपर्यंत मी मनात चीनचं तिकीट काढलं होतं.

घरी आल्यावर उत्साहात आईला तो काठ्यांचा व्हिडिओ दाखवला. आईनं चष्मा लावला, पूर्ण बघितला आणि म्हणाली, “पीठ सैल झालंय त्याचं. आणि हे गडी माणूस करतंय व्हय?”

मला कळेना. ती म्हणाली, “अरे, शेवया हायेत त्या. आपला पाट बघ माळ्यावर.”

आता इथं थोडं थांबून सांगतो, कारण मला स्वतःला हे सत्ताविसाव्या वर्षी कळलं. पाटावरच्या शेवया म्हणजे उन्हाळ्याचं काम. नवा गहू घरात आला की तो ओलवायचा, दळायचा, पीठ कापडातून गाळायचं. मीठ घालून घट्ट मळायचं, भिजू द्यायचं, मग तेलाचा हात लावून कुटून कुटून मऊ करायचं. गव्हातलं ग्लुटेन ताणलं जायला वेळ लागतो, एवढाच त्यातला बीटेक भाग. बाकी सगळा अंदाज हाताचा. लांब लाकडी पाटावर बारीक खाचा असतात. तो बाजेवर तिरका लावायचा, वर एक बाई बसून तळहातानं पीठ खाली वळत नेते, खाली दुसरी ती तार हलक्या हातानं उचलते आणि तिसरी काठीवर वाळत घालते. वारा कडक सुटला की तार तुटते, म्हणून काम सकाळी.

तीन बायका लागतात, हे लक्षात ठेवा.

पुढच्या आठवडे बाजाराला आईबरोबर गेलो. आधी मी बाजारात पिशवी धरण्यापुरताच जायचो. एका कोपऱ्यात एक मावशी कुरडया, पापड, शेवया घेऊन बसल्या होत्या. शेवया दोन ढिगांत. आईनं न विचारता एका ढिगाला हात घातला. मशीनची शेवई सगळीकडं एकसारखी जाड, टोकं सरळ कापलेली. हातची कुठं बारीक, कुठं जाड, आणि मधे काठीवर दुमडल्याची घडी राहते. हातचीचा भाव बराच जास्त होता. मी लगेच म्हटलं, “मावशी, काहीतरी कमी करा की.” आईनं माझा दंड दाबला. कोथिंबिरीच्या जुडीवर दोन रुपयांसाठी पाच मिनिटं घालवणारी माझी आई! तिनं सांगितलेले पैसे गुपचूप दिले.

तिथून मला नादच लागला. मालवणला मित्राच्या लग्नाला गेलो तर शिरवाळे खाल्ले. तांदळाच्या पिठाचे गोळे उकडून गरमागरम लाकडी साच्यातून दाबायचे, आणि गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खायचे. विदर्भातल्या रूममेटच्या घरी सरगुंडे मिळाले. कणकेची वळी काडीवर गुंडाळून काढलेली, आमरसाबरोबर. हुबेहूब पास्ता. आणि आपल्याकडं रुखवतात ठेवतात ते नखुले, बोटवे, मालत्या, गव्हले? नखुल्यांना आणि त्या चिनी मांजराच्या कानांना शेजारी ठेवलं तर सख्खे नाही, पण चुलत भाऊ नक्की वाटतील. तिकडं उत्तरेत गहू, दक्षिणेत तांदूळ. इकडं देशावर गहू, कोकणात तांदूळ. जे पिकतं त्याची तार निघते. चिनी लोकांचं खातं मात्र फार जुनं आहे. लाजिया नावाच्या ठिकाणी उत्खननात सुमारे 4000 वर्षांपूर्वीच्या नूडल्स सापडल्याचं ‘नेचर’मध्ये 2005 साली छापून आलं होतं.

मग माझ्या डोक्यात ॲप आलं. आमच्या जमातीचा आजार आहे हा. ‘केडगावच्या हातच्या शेवया’, छान डबा, रील्स, थेट घरपोच. लॅपटॉपवर सगळं आखून आईला दाखवलं. तिनं विचारलं, “वळणार कोण?”

मी म्हटलं, “तू आहेस, काकू आहे...”

आईचा उजवा खांदा चार वर्षांपासून वर जात नाही. काकू हडपसरला राहायला गेली. आजी राहिली नाही. आणि लहानपणी मी त्या काठीवरची अर्धी ओली शेवई चोरून खायचो, तेव्हा त्या तिघी पहाटेपासून बसलेल्या असायच्या हे मला आठवतच नव्हतं. लांझोउमध्ये दुकानात नूडल्स ओढणारा माणूस पगार घेतो. आमच्या घरात त्या कामाला कधी कुणी काम म्हटलं नाही. मशीननं शेवया संपवल्या असं लोक म्हणतात, मला ते पटत नाही. एका घरात तीन बायका तीन दिवस फुकट मोकळ्या असणं संपलं. आणि ते संपलं, याचं मला खरं सांगायचं तर वाईट वाटत नाही. शेवयांचं वाटतं.

या एप्रिलमध्ये पाट खाली काढला. आई खुर्चीवर बसून सूचना देणार, मी वळणार, बायको तार उचलणार, बाबा काठी धरणार. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा. माझी तार वीतभर झाली की तुटायची. अर्ध्या तासानं हातभर जायला लागली. मनगट मात्र दोन दिवस दुखत होतं, कीबोर्डवर नीट चालेना. दुपारपर्यंत दीड काठी भरली.

संध्याकाळी शिजवल्या, पाणी काढलं, वर तूप आणि इथल्याच गुऱ्हाळातल्या गुळाची गुळवणी. आई म्हणाली, “शेवया कसल्या, गांडुळं हायेत.” आणि दुसऱ्यांदा वाढून घेतल्या.

तुमच्याकडं हाताचं असं काय करतात, त्याला काय म्हणतात आणि ते कोण करतं, व्हॉइस नोट पाठवा. जमलं तर करणाऱ्यांच्याच आवाजात. भेटू पुढच्या भागात.