आता मालकीण आपणच

मैत्रिणींनो, पापड केंद्रात आपण बायका कामाला ठेवतो, म्हणजे आता मालकीण आपणच. माल न्यायला येणारा टेम्पोवाला एखादीला नको ते बोलला, तर रोजी बुडेल म्हणून ती गप्प राहते. “जाऊ दे गं, गिऱ्हाईक तुटेल,” असं आपणच म्हटलं, तर तिनं जायचं कुठं?

२०१३ च्या कायद्यानं १० किंवा जास्त कामगार असतील तिथं तक्रार समिती नेमावीच लागते. कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार लेखी, ३ महिन्यांच्या आत द्यायची. लिहिता येत नसेल तर समितीनं मदत करायची. आपल्या समितीत बाहेरच्या संस्थेतलं एक जाणकार माणूस लागतंच. बरंच आहे, नाहीतर सगळ्या जावा-नणंदाच! आणि चौकशी चालू असताना तिची हजेरी, मजुरी तोडू नका.