यंत्राला दिलेली मुभा

अनुकूली अध्ययन म्हणजे मुलाच्या प्रत्येक उत्तरावरून त्याची तयारी अजमावून पुढचा प्रश्न, उदाहरण किंवा धडा निवडणारी संगणकीय व्यवस्था. छापील पुस्तकाचा क्रम सगळ्यांना एकच असतो. इथे तो मुलागणिक बदलतो. सातवीतल्या मुलाला हातच्याची वजाबाकी येत नसेल, तर ही व्यवस्था त्याला गुपचूप तिसरीच्या वजाबाकीकडे नेते आणि तिथून वर आणते. तिची खरी कमाई एवढीच आहे, आणि ती लहान नाही.

शिक्षक संघाच्या या अधिवेशनाने अध्यक्षपद दिल्याबद्दल आभार, यजमान शाळेच्या व्यवस्थेबद्दल कृतज्ञता आणि वर्षभरात दिवंगत झालेल्या सहकाऱ्यांचे स्मरण, हे प्रथेचे भाग येथेच नोंदवलेले बरे. कार्यक्रमपत्रिकेत विषय ‘प्राथमिक गणित अध्यापनातील नव्या प्रवाहांचा आढावा’ असा छापला आहे. त्यातला एकच प्रवाह येथे घेतला आहे. बाकीच्यांना दुपारची सत्रे पुरेशी आहेत.

या तंत्राचा इतिहास संगणकापेक्षा जुना आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात सिडनी प्रेसी यांनी 1920च्या दशकात चार कळांचे एक यंत्र बनवले. बरोबर कळ दाबल्याशिवाय पुढचा प्रश्न समोर येत नसे. 1953 साली मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसले. सगळ्या मुलांना एकाच वेगाने जावे लागते आणि उत्तर बरोबर की चूक हे लगेच कळत नाही, हे त्यांना खटकले व त्यातून त्यांचे अध्यापनयंत्र निघाले. त्यात वेग प्रत्येकाचा वेगळा असला, तरी वाट सर्वांची एकच होती. चुकीच्या उत्तरानुसार वाट फोडण्याची कल्पना नॉर्मन क्राउडर यांची. पुढे स्टॅनफर्डमध्ये पॅट्रिक सप्स यांनी 1960च्या दशकात अंकगणिताचा सराव संगणकावर आणला. मुलीच्या त्या वर्गात मुले किती आहेत आणि तिथल्या बाईंना दिवसभरात आणखी काय काय करावे लागते, हा प्रश्न स्किनर यांच्या निष्कर्षात कुठे दिसत नाही. दोष अध्यापनाच्या माथी आणि उपाय यंत्राच्या हाती, अशी विभागणी तेव्हापासून रूढ झाली.

आजच्या अनेक प्रणालींच्या मुळाशी असलेले एक गणित 1990च्या दशकात कार्नेगी मेलन विद्यापीठात अल्बर्ट कॉर्बेट आणि जॉन अँडरसन यांनी मांडले. प्रत्येक कौशल्यासाठी ते चार संख्या धरते: मुलाला ते आधीच येत असण्याची शक्यता, एका संधीत ते शिकण्याची शक्यता, येत नसताना उत्तर अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता आणि येत असताना निसटती चूक होण्याची शक्यता. दर उत्तरानंतर अंदाज सुधारला जातो आणि तो ठरलेल्या पातळीवर गेला की कौशल्य आत्मसात झाले असे मानले जाते. रचना देखणी आहे. मात्र तिच्या मूळ रूपात विसरण्याला जागा नाही. एकदा आले ते आलेच. मराठवाड्यातल्या शिक्षकाला हे गृहीतक वाचून हसू येईल. ऊसतोडीला आईबापांबरोबर दिवाळीच्या सुमारास गेलेले मूल उन्हाळ्याच्या तोंडावर परत येते, तेव्हा टॅबलेटवर त्याची भागाकाराची खूण हिरवीच असते आणि पाटीवर साधा पाढा उमटत नाही. यंत्र भागाकाराच्या पुढे सरकते. शिक्षक त्याला दोनच्या पाढ्यापासून धरतो. घरी थोरल्या भावाने खेळता खेळता सोडवलेली उदाहरणे धाकट्याच्या खात्यावर जमा होतात तेव्हाही हेच घडते. मुलाचे अक्षर ओळखणाऱ्याला ते कळते, टिचकी मोजणाऱ्याला नाही.

चुकांचे निदान हा या क्षेत्रातला सर्वांत समृद्ध भाग आहे. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी 1978 साली दाखवून दिले की मुलांच्या वजाबाकीतल्या पुष्कळ चुका वेंधळेपणाच्या नसतात. त्या नियमाने होतात, फक्त नियम चुकीचा असतो. 52 मधून 27 वजा करताना मूल 35 लिहिते, कारण प्रत्येक स्थानी मोठ्यातून लहान काढायचे अशी त्याची पक्की समजूत असते. असे नियम संगणक शोधू शकतो, आणि दमलेल्या शिक्षकापेक्षा अधिक सातत्याने शोधतो, हे मान्य केले पाहिजे. पण नियम आला कुठून, हे त्याला शोधता येत नाही. मराठी शाळांत पहिली-दुसरीची पुष्कळ मुले ‘पंचवीस’ ऐकून 52 लिहितात, कारण कानावर पाच आधी पडतात आणि वीस नंतर. प्रणाली याला स्थानिक किंमतीचे अज्ञान समजते आणि दशक-एककाचे गठ्ठे पुन्हा दाखवते. गठ्ठे त्या मुलाला उत्तम येत असतात. तीच संख्या पडद्यावर छापून दाखवली तर ते चुकत नाही, शिक्षकाने उच्चारली तर चुकते. एवढे ताडून पाहायला दोन मिनिटे आणि एक माणूस लागतो. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ असे संख्यावाचन आले तेव्हा वाद विधिमंडळापर्यंत गेला. भाषेच्या अभिमानाच्या त्या कोलाहलात पंचवीसला बावन्न लिहिणाऱ्या मुलाची अडचण बहुतेकांच्या ध्यानातही आली नाही.

भारतातील सर्वांत भक्कम पुरावा दिल्लीचा आहे. कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंग आणि अलेहांद्रो गानिमियन यांनी ‘माइंडस्पार्क’ या प्रणालीच्या शाळाबाह्य केंद्रांचा अभ्यास केला. तो 2019 साली प्रसिद्ध झाला. माध्यमिक वयाच्या 619 मुलांपैकी काहींना सोडत काढून मोफत प्रवेश दिला. साडेचार महिन्यांत त्यांची गणितातली प्रगती इतरांपेक्षा 0.37 आणि हिंदीतली 0.23 प्रमाण विचलनाने जास्त झाली. शैक्षणिक प्रयोगांत हे आकडे मोठे समजले जातात. अधिवेशनाच्या सभामंडपाबाहेर मांडलेल्या विक्रीच्या टेबलांवर ते ठळक छापलेले आढळतील. त्याच शोधनिबंधातल्या दोन गोष्टी तिथे आढळणार नाहीत.

पहिली अशी की केंद्रावरच्या दीड तासापैकी अर्धाच वेळ संगणकाचा होता. उरलेल्या अर्ध्यात एक साहाय्यक लहान गटाला शिकवत असे. दुसरी जास्त महत्त्वाची. सहावीचे सरासरी मूल गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे होते, आणि एकाच इयत्तेतल्या मुलांत पाच-सहा इयत्तांचे अंतर होते. नेहमीच्या शाळेत इयत्तेचे पुस्तक शिकत राहिलेल्या मुलांपैकी तळाच्या तिसऱ्या हिश्शाच्या वाट्याला जवळपास काहीच प्रगती आली नाही. केंद्रात मात्र तळाची मुलेही पुढे सरकली, कारण सातवीत बसलेल्या मुलाला चौथीचे गणित देण्याची प्रणालीला मोकळीक होती.

ही मोकळीक संगणकाची उपज नाही, याचाही पुरावा घरचाच आहे. ‘प्रथम’ या संस्थेने 1998 साली मुंबईत सुरू केलेल्या बालसखी योजनेत वस्तीतल्याच शिकलेल्या मुली तिसरी-चौथीत मागे पडलेल्या मुलांना वर्गाबाहेर घेऊन बसत आणि मुळाक्षरे व अंक यांच्यापासून सुरुवात करत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी मुंबई व बडोद्यात केलेल्या आणि 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या मुलींनी मुलांचे शिक्षण स्पष्टपणे सुधारल्याचे दिसले. बडोद्यात संगणकावरील गणिती खेळांचाही उपयोग झाला. खर्चाच्या मानाने बालसखी सरस ठरल्या. त्यांच्याकडे ना पदविका होती ना प्रणाली. पुस्तक अमुक महिन्यात संपवण्याचे बंधन मात्र त्यांच्यावर नव्हते.

बिहारमधले निष्कर्ष त्याहून बोलके आहेत. तिथल्या सरकारी शिक्षकांनी उन्हाळी शिबिरांत मुलांचे स्तरानुसार गट करून शिकवले, तेव्हा मुले शिकली. तशाच शिक्षकांना तेच प्रशिक्षण आणि तेच साहित्य देऊन नियमित शाळेच्या महिन्यांत सोडले, तेव्हा काहीच बदल झाला नाही. शिक्षक जूनमध्ये कुशल आणि ऑगस्टमध्ये अकुशल होत नाही. शाळा सुरू झाली की अभ्यासक्रम सुरू होतो, एवढाच फरक.

कायद्यातही हा पेच जसाच्या तसा आहे. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम 24 शिक्षकाची कर्तव्ये सांगते. त्यातले एक ठरलेल्या वेळेत संपूर्ण अभ्यासक्रम पुरा करण्याचे, आणि लगेच पुढचे प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता अजमावून गरजेनुसार जादा शिकवण्याचे. दोन्ही एका श्वासात सांगितली आहेत. तपासले जाते ते पहिले. अभ्यासक्रम किती झाला हे टाचणवहीवरून कळते, मूल कुठे अडले हे कळायला त्याच्याजवळ बसावे लागते.

यंत्र शिक्षकाची जागा घेईल का, या प्रश्नावर सहकाऱ्यांचा वाद गेली काही अधिवेशने रंगतो आहे. अध्यक्षांची सारी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत, त्यातही बराच काळ द्विशिक्षकी शाळांत गेली. हा वाद त्यांच्यापुरता एका शेरेबुकाने मिटला. एका डोंगरी गावात सातवीच्या मुलींना महिनाभर हातच्याची वजाबाकी आणि पाढे दिले जात होते, कारण त्याशिवाय शेकडेवारीला हात घालणे म्हणजे नुसती फळ्यावरची नक्कल झाली असती. तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा लिहिला, ‘अध्यापन इयत्तेस अनुरूप नाही’, आणि खुलासा मागवला. काही वर्षांनी त्याच शाळेत टॅबलेट आले. सातवीच्या मुली पडद्यावर हातच्याची वजाबाकी करू लागल्या. पुढच्या तपासणीत त्याच शेरेबुकात ‘अभिनव उपक्रम, इतर शाळांनी अनुकरण करावे’ असे उमटले. गणित तेच होते, अक्षरही त्याच साहेबांचे होते. पहिल्या खुलाशाचे उत्तर आजवर कोणी वाचले असेल असे वाटत नाही.

तेव्हा यंत्र जागा घेईल की नाही हा प्रश्नच चुकीचा मांडला गेला आहे. यंत्राला मिळालेला अधिकार शिक्षकाला कधीच मिळाला नव्हता. मूल जिथे आहे तिथून सुरुवात करण्याबद्दल प्रणालीला कोणी खुलासा विचारत नाही. शिक्षकाला विचारतात. त्याला आता ‘सुलभक’ म्हणायची प्रथा पडली आहे: त्याने चार्जिंग पाहावे, मुलांचे पासवर्ड वहीत लिहून ठेवावेत, नेटवर्क गेले की वरच्या कार्यालयाला कळवावे. मुलांच्या चुकांचा तपशील प्रणालीकडून थेट वर जातो आणि वर्गाला मिळतो तो रंगीत आलेख, ज्यात एका मुलाचीही एकही चूक जशीच्या तशी दिसत नाही. 35 हे उत्तर शिक्षकाला दिसले पाहिजे, ‘वजाबाकी: 40 टक्के’ हे नव्हे.

वैयक्तिक शिक्षण ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला सुरू केलेले काम 1957मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर हजेरीपटावर लाल शेरा मारण्याऐवजी शाळाच कुरणात नेण्यात आली. तिला कुरणशाळा म्हणत. वेळ, जागा आणि धडा, तिन्ही मुलांच्या सोयीने. पुढे अध्यापक विद्यालयात शिकलेल्या पिढीने हे वर्णन ऐकले आणि आपल्याही वाट्याला असे काही येईल अशी आशा धरली. त्या पिढीच्या वाट्याला केंद्रप्रमुखांचे तक्ते, पोषण आहाराची नोंदवही आणि मतदारयादी आली. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता अशैक्षणिक काम देता येत नाही. निवडणुकीच्या त्या एका अपवादातून काय काय आत शिरते ते सभागृहाला सांगायला नको.

संघाने पुढे काय करावे, याविषयी तीन कामे सुचवता येतात. मराठी मुलांच्या गणिती चुकांचा संग्रह करावा, ज्यात मुलाने लिहिलेले उत्तर आणि त्याने स्वतः सांगितलेले कारण दोन्ही असतील. यासाठी प्रत्येक तालुक्यातून काही वह्या लागतील, किती ते ठरवायचे आहे. प्रणाली विकत घेताना चुकांचा कच्चा तपशील वर्गशिक्षकाला त्याच दिवशी मिळावा, अशी अट करारात घालण्याची मागणी शासनाकडे करावी. आणि आठवड्यातले काही तास इयत्तेच्या बंधनातून मुक्त असल्याचा लेखी आदेश मागावा. त्या तासांत टॅबलेट वापरायचा की पाटी हे शिक्षकाने ठरवावे. निवेदनाचा मसुदा कार्यकारिणीने करावा. पहिल्या कामासाठी समिती नेमण्याचा ठराव उद्याच्या खुल्या अधिवेशनात मांडला जाईल. सूचक मिळाला आहे, अनुमोदक अजून हवा आहे.