पोत्याचा हिशेब

अध्यक्षाने शेवटी बोलावे आणि थोडके बोलावे, असा संकेत आहे. म्हणून सकाळपासून अधिवेशनाच्या या मांडवात दोनदा ऐकू आलेल्या एकाच वाक्याचा इथे समाचार घेतला जाईल. ‘रासायनिक खतांनी जमीन मेली’, हे ते वाक्य. त्याला टाळ्या हमखास पडतात.

इंग्लंडमधल्या रोथमस्टेडच्या ब्रॉडबाल्क शेतात मात्र जमीन मेलेली नाही. जॉन लॉज यांनी तिथे १८४३ च्या शरदात खतांच्या प्रयोगासाठी गहू पेरला. वर्षभरापूर्वीच सुपर फॉस्फेटचे पेटंट घेतलेला हा कारखानदार. म्हणजे निकालात त्याचा स्वार्थ होता, हेही सांगायला हवे. पण जोडीला जोसेफ गिल्बर्ट हा काटेकोर रसायनतज्ज्ञ मिळाला आणि ही जोडी ५७ वर्षे टिकली. एका पट्ट्याला दरसाल हेक्टरी ३५ टन शेणखत, काहींना नत्र-स्फुरद-पालाश यांचे वेगवेगळे मेळ, एकाला काहीच नाही. बिनखताचा पट्टा अजूनही हेक्टरी टनभर गहू देतो. समतोल रासायनिक खताचे पट्टे शेणखताच्या पट्ट्याच्या तोडीस तोड उतरत आले. सेंद्रिय कर्ब मात्र शेणखतानेच वाढवला, बिनखताच्या पट्ट्यापेक्षा दुपटीहून अधिक.

पण प्रत्येक अन्नद्रव्याची चाल निराळी. नत्र थांबत नाही. पट्ट्यांखाली १८४९ साली घातलेल्या चरांच्या पाण्यात ते नायट्रेट होऊन वाहताना एकोणिसाव्या शतकातच सापडले. स्फुरद उलट साठत जाते. ब्रॉडबाल्कच्या काही पट्ट्यांत ते इतके साचले की २००१ पासून ते देणेच बंद केले.

आता पालमपूरला या. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९७० साली दीर्घकालीन खत प्रयोगांची देशव्यापी योजना आखली. हिमाचलातले हे केंद्र त्यातलेच, मका आणि गव्हाचे. तिथली जमीन मुळातच आम्ल. नुसता युरिया मिळालेल्या वाफ्यांत काही वर्षांनी पीक हाती लागेनासे झाले. युरियातले नत्र मातीत नायट्रेट होताना आम्ल सुटते, कॅल्शियम धुऊन जाते, सामू घसरतो. शेजारी नत्र-स्फुरद-पालाशासोबत चुना किंवा शेणखत मिळालेले वाफे तगून राहिले. युरिया तोच, फरक पडला तो त्याच्या सोबतीला काय होते, याने.

आपली काळी जमीन चुनखडीची, सामू आठच्या आसपास. इथे युरियाने जमीन आंबेल ही भीती फारशी खरी नाही. इथले दुखणे वेगळे: स्फुरद चुन्याशी बांधले जाते, लोह आणि जस्त मातीत असूनही मुळांना मिळत नाही. उसाच्या खोडव्यावर केवडा, म्हणजे पानांचा पिवळेपणा, दिसला की शेतकरी आणखी एक पोते युरिया ओततो. पिवळेपणा लोहाचा, औषध नत्राचे!

जस्ताचे उदाहरण तर पाठ्यपुस्तकात शोभावे असे आहे. हरितक्रांतीच्या काळात पंतनगरच्या तराईत भाताची पाने तांबूस डागांनी वाळू लागली. लोक रोगजंतू शोधत राहिले. साठच्या दशकात यशवंत नेने यांनी दाखवले, की ‘खैरा’ हा रोग म्हणजे जस्ताची उपासमार आहे. उत्पादन वाढले तशी पिकाची उचल वाढली आणि पोत्यात नसलेले जस्त मातीच्या गाठीचे गेले. गंधकाचेही तेच. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये ते सुमारे ११ टक्के असते. १८:४६ चा डीएपी हाती आला आणि तेलबियांचे हे फुकटचे गंधक बंद झाले. दुकानदाराने ते सांगितले नाही. त्यालाही ठाऊक नसावे.

शेतकऱ्याला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. एप्रिल २०१० मध्ये अन्नद्रव्याधारित अनुदान आले, त्यातून युरिया वगळला गेला. स्फुरद-पालाश महागले, युरिया स्वस्तच राहिला. २६६ रुपयांना ४५ किलोची गोणी मिळत असेल, तर शिफारशीतले नत्र-स्फुरद-पालाशाचे ४:२:१ गुणोत्तर कोण पाळणार?

मातीतले हे बदल एका हंगामात दिसत नाहीत, म्हणून एकच सूचना. रोथमस्टेडच्या कोठारात जुनी माती, धान्य आणि पेंढ्याचे ३ लाखांहून अधिक नमुने जपलेले आहेत. लॉजच्या काळातली माती आजही उघडून तपासता येते. पुढच्या अधिवेशनाला प्रत्येक सदस्याने आपल्या गावच्या एकाच ठरलेल्या शेतातली वाळवलेली माती काचेच्या बरणीत भरून आणावी. चिठ्ठीवर गट क्रमांक, खोली, तारीख आणि त्या वर्षी घातलेल्या पोत्यांची नावे असावीत. बरण्या ठेवायला कपाट लागेल. खर्चाचा ठराव कार्यकारिणीने मांडावा.