गंज रंगाखाली होता



माझ्या हातात काय आहे ते कॅमेऱ्यात नीट दिसेल की नाही, शंका आहे. शिवाय काही जण हे पुढे पुस्तकात वाचतील, म्हणून सांगतो. स्टेनलेस स्टीलचा बोल्ट आहे, अर्धा. वरचं टोक २० मिलिमीटर जाड, आटे शाबूत, नट बसायचा तिथे अजून चकाकी आहे. खालचं टोक मात्र तासलेल्या पेन्सिलीसारखं. अशा ८ बोल्टांवर माझ्या बोटीची ७०० किलोची कील लटकत होती, आणि त्याच बोटीतून मी माझ्या ९ वर्षांच्या नातीला आग्वादच्या किल्ल्यापुढे खुल्या समुद्रात नेऊन आणलं होतं.

मी ईएमईचा माणूस. सैन्यातल्या गाड्या, रणगाडे, तोफा दुरुस्त करणारी जी कोअर आहे, तिथे ३१ वर्षं काढली. शीड हाकायला शिकलो सिकंदराबादला, हुसेनसागरवर, लेफ्टनंट असताना. तिथल्या छोट्या होड्यांना वजनाची कील नसते. मधे एक फळी असते, वर-खाली सरकवायची. होडी उलटली तर त्या फळीवर उभं राहून ती सरळ करायची आणि ओल्या कपड्यांनी घरी जायचं. त्यामुळे कील ही गोष्ट मला पुस्तकातून माहीत होती, हाताला माहीत नव्हती.

निवृत्तीनंतर गोव्यात आलो आणि मांडवीकाठी एका यार्डात उभी असलेली २४ फुटी बोट घेतली. १९७०च्या दशकात इंग्लंडमध्ये बांधलेली, फायबरची. बायको म्हणाली, "त्यापेक्षा जुनी जीप घ्यायची होतीत, निदान ढकलता आली असती."

तुमच्यातले बरेच जण इंदूर, बडोदा, हैदराबादचे आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो. अशा बोटीच्या पोटाखाली माशाच्या परासारखा एक जड तुकडा असतो, ती कील. वारा शिडाला आडवा ढकलतो, कील पाण्याला धरून ठेवते. बोट कलली की तिचं वजन बोटीला परत उभं करतं. शिशाची असली तर उत्तम. शिसं जड आणि गंजत नाही. पण महाग. म्हणून माझ्यासारख्यांच्या बोटींना बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची असते. आणि बीड खाऱ्या पाण्यात काय करतं, ते कोकणातल्या कुठल्याही खिडकीच्या गजांना विचारा.

माझ्या कीलवर गंजाचे पोपडे होते. सैन्यात एक जुना विनोद आहे: हललं तर सलाम ठोका, नाही हललं तर चुना फासा. मी तेच केलं. दोन दिवस तारेचा ब्रश, वर रेड ऑक्साइड, त्यावर शिंपले आणि शेवाळ धरू नये म्हणून लावतात तो तांब्याचा अंश असलेला रंग. इन्स्पेक्शनला ठेवावी अशी दिसत होती. यार्डातला मेस्त बोटीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "सायबा, भायल्यान बरें दिसता. भितर पळयलां?" त्याला एक बोल्ट काढून बघायचा होता. मी त्याला नटांची चकाकी दाखवली. तो काही बोलला नाही. कर्नलशी कोण वाद घालणार?

पुढच्या मे महिन्यात, पावसाआधी, बोट बाहेर काढली. कील आणि बोटीचा तळ जिथे मिळतात, त्या सांध्यातून एक तपकिरी ओघळ आला होता, आणि तो सुकत नव्हता. रंगाला तर जागोजागी फोड. या वेळी मेस्ताला मीच हाक मारली. त्याने दोन नट एकमेकांवर आवळले, पान्याला नळी लावली, मला म्हणाला, तुम्हीच फिरवा. जोर लावायची वेळच आली नाही. बोल्ट एका हाताने तुटला.

स्टेनलेस स्टील गंजत नाही, हे अर्धसत्य आहे. त्याच्यावर एक अतिशय पातळ थर असतो, तो त्याला वाचवतो, आणि तो थर टिकायला ऑक्सिजन लागतो. ओल्या, बंद सांध्यात खारं पाणी साचून राहिलं की ऑक्सिजन संपतो आणि धातू कंबरेतून झिजायला लागतो. वर, बोटीच्या आत, हवेत असलेला नट चकाकतच राहतो. मी त्या नटाकडे बघून निकाल दिला होता. आठांपैकी तीन असे निघाले.

कील तुटली तर काय होतं? मे २०१४ मध्ये 'चीकी रफिकी' नावाची बोट अँटिग्वाहून इंग्लंडला परतत होती. अटलांटिकमध्ये तिची कील सुटली आणि ती उलटली. चौघांपैकी एकही जण सापडला नाही. हे मी त्या रात्री वाचलं आणि मग बंगळूरला मुलाला फोन केला. न सांगताही चाललं असतं. तो बराच वेळ गप्प होता. मग एवढंच म्हणाला, "बाबा, तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं का?" सांगितलं होतं, म्हणालो.

दुरुस्ती अशी झाली. हायड्रा क्रेनने बोट उचलली, कील लाकडी ठोकळ्यांवर खाली राहिली. तुटलेले तुकडे ड्रिलने काढून नवे आटे पाडायला चार दिवस गेले. मग हातोडीने इंच-इंच ठोकलं. चांगलं बीड खणखणतं, खराब जागी आवाज बसतो. काही ठिकाणी लोखंड विरघळून गेलं होतं आणि मागे ग्राफाइट उरलं होतं: आकार तोच, पण चाकूने खरवडावं इतकं मऊ. माझा तांब्याचा रंग जिथे उघड्या लोखंडाला लागला होता, तिथे तर मीच गंजाला खतपाणी घातलं होतं.

सगळं ब्लास्टिंग करून पांढरट धातूपर्यंत नेलं आणि इथे दुसरी चूक केली. जून लागला होता. ताडपत्री बांधून घाईने इपॉक्सी प्रायमर मारला. लोखंडाच्या बारीक खड्ड्यांत मीठ बसलेलं असतं. ते गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवावं लागतं. आणि धातू दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश गरम असावा लागतो. गोव्याच्या जूनमध्ये ते कुठून असणार? ऑगस्टपर्यंत प्रायमर फुगला. मेस्त या वेळी नुसता हसला.

ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा ब्लास्टिंग, धुणं, सुकवणं आणि त्याच दुपारी पहिला हात. एकूण पाच हात इपॉक्सी, खड्ड्यांत इपॉक्सीची लांबी, आणि सगळ्यात शेवटी शेवाळाचा रंग. सांध्यात नवं सीलंट, आठही बोल्ट नवे, नट टॉर्क रेंचने ठरल्या क्रमाने आवळले. बिलाचा आकडा बायको ऐकत असेल म्हणून सांगत नाही.

डिसेंबरात मुलगा आणि नात आली. नातीने जॅकेट आधीच चढवलं होतं. मुलगा मात्र धक्क्यावरच थांबला. म्हणाला, "बाबा, आधी नट दाखवा." आतल्या फळ्या उचलल्या, त्याच्या हातात टॉर्क रेंच दिला. त्याने आठही तपासले, पहिला पुन्हा तपासला. मग हात पुसत विचारलं, "आणि सांधा?" टॉर्च घेऊन आम्ही दोघं कोपरांवर पालथे पडलो. कोरडा होता. वरून नात ओरडत होती, "आजोबा, ओहोटी लागली!"