वापरलेले टोप आणि त्यांचा सौदा



ज्या व्यासपीठावरून वेदान्तापासून अर्थसंकल्पापर्यंत अनेक गहन विषयांचा ऊहापोह होत असतो, तेथे दुसऱ्याच्या डोक्यावरून उतरलेल्या केसांच्या टोपाविषयी बोलण्याचे धारिष्ट्य कोणी का करावे, असा प्रश्न पत्रिका वाचून आपल्यापैकी कित्येकांना पडला असेल; आणि तो पडला, यातच माझ्या विषयाचे मर्म आहे. यवतमाळच्या बाजार समितीच्या आवारात कापसाच्या भावासाठी ग्रेडरशी तासभर हुज्जत घालणारा चोख व्यवहारी गृहस्थ घरातल्या आजारी माणसासाठी वापरलेला टोप घ्यायला निघाला, की कोणी पाहील या धास्तीने पिशवी न उघडताच पैसे मोजून मोकळा होतो. या व्यवहारातील फसगतीचे मूळ विकणाऱ्याच्या लबाडीत थोडे आणि घेणाऱ्याच्या संकोचात फार आहे, असे माझे मत आहे.

वास्तविक उसना टोप आपल्या मुलखाला नवा नाही. दिवाळीच्या सुमारास गोंड-कोलामांच्या वस्त्यांतून दंडार हे लोकनाट्य उभे राहते, त्यात स्त्रीवेष पुरुषच घेतात. १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांनी ज्या नायिका रंगवल्या, त्यांच्या वेशभूषेचे आणि केशरचनेचे अनुकरण घरंदाज स्त्रियाही करीत, आणि त्या केसांखाली एक पुरुष आहे याची कोणालाही खंत नव्हती. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आले, स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या आणि पुरुषांच्या डोक्यावरील अंबाडा क्रमाने मागे पडला. तथापि ड्रेपरीवाल्याच्या पेटीतील नारदाची शेंडी, ऋषीच्या जटा, राणीचे गंगावन ही अद्यापि शाळेच्या स्नेहसंमेलनातून गणेशोत्सवात आणि तेथून पुन्हा शाळेत फिरत असतात. एका हंगामात त्या टोपाखाली किती डोकी येऊन गेली, याची नोंद कोणाच्याही दप्तरी सापडायची नाही. रंगमंचावर ज्याची लाज नाही, त्याच जिनसाची घरात लाज वाटते, ही मोठी विलक्षण गोष्ट आहे.

घरात तो येतो बहुधा व्याधीच्या पावलांनी. कर्करोगावरील रसायनोपचारासाठी आपल्याकडील रुग्ण नागपूरला जातात. पहिल्या मात्रेनंतर साधारण दोन-तीन आठवड्यांत, औषध तशा जातीचे असेल तर, केस गळू लागतात आणि उपचार संपल्यावर काही महिन्यांत ते पुन्हा उगवतात. म्हणजे मोठ्या किमतीने घेतलेल्या टोपाचे खरे काम वर्षभराचेही नसते. ज्या स्त्रीने तो वापरला तिला तो डोळ्यांसमोर नको असतो, आणि त्याच सुमारास दुसऱ्या एखादीला तो हवा असून नवा घेण्याची ऐपत नसते. असा सौदा दोघींनाही किफायतीचा आहे. तो कुजबुजत व्हावा, याचे मात्र काहीच कारण नाही.

आता मालाची पारख. केस कोठून येतात हे ठाऊक असल्यावाचून ती करता येत नाही. तिरुपतीच्या देवस्थानात भाविक जे केस अर्पण करतात, ते लांबीप्रमाणे प्रतवारी लावून लिलावाने विकले जातात. ते एकाच डोक्यावरून एकदम उतरलेले असल्यामुळे त्यांची मुळे एका बाजूस आणि टोके एका बाजूस राखता येतात. दुसरा प्रकार आपल्या परिचयाचा आहे: बायका फणीतून निघालेले गुंतवळ साठवून दारी येणाऱ्या फेरीवालीला भांड्याच्या किंवा फुग्याच्या बदल्यात देतात, आणि ते पुढे विंचरून, जुळवून परदेशी रवाना होते. हा व्यापार मोठा आहे; जानेवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने कच्च्या मानवी केसांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. केसाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खवले असतात आणि ते मुळाकडून टोकाकडे वळलेले असतात. गुंतवळात मुळे आणि टोके उलटसुलट मिसळल्याने ते खवले एकमेकांत अडकतात. म्हणून कारखान्यात आम्लाने खवले उतरवून वर सिलिकॉनचा लेप देतात. असा टोप नवा असताना रेशमासारखा झळकतो, आणि काही धुण्यांनंतर लेप गेला की त्याच्या गाठी होऊ लागतात. सांगायचे ते हे, की वापरलेल्या टोपाच्या बाबतीत घेणाऱ्याला एक लाभ आयताच मिळतो: पहिल्या मालकिणीने तो अनेकदा धुतलेला असल्यामुळे त्याचे सोंग आधीच उतरलेले असते. कापसाची बोटभर चिमूट ताणून धागा पाहणाऱ्या आपल्या लोकांनी एक बट चिमटीत धरून टोकाकडून मुळाकडे बोट फिरवावे. खरखर लागली तर खवले शाबूत आहेत. मालकिणीच्या परवानगीने एखादा केस काढून चिमट्यात धरून जाळावा: माणसाच्या केसाला जळक्या पिसाचा दर्प येतो आणि राख चुरगळते, कृत्रिम तंतू वितळून त्याचा कठीण मणी होतो.

त्याहूनही महत्त्वाची आतली जाळी. केस विरळ झाले तर भरता येतात, पण जाळी फाटली, तिचा इलास्टिक पट्टा सैल पडला किंवा तिच्यात जुन्या गोंदाचा थर मुरला, तर टोप कवडीमोल समजावा. टोप उलटा करून उन्हात पाहावा; दिव्याखाली पाहू नये.

आरोग्याच्या बाबतीत जी ढिलाई चालते ती मात्र अक्षम्य आहे. ऊ डोक्यावाचून सहसा दोन दिवसांपलीकडे जगत नाही आणि लिखांनाही टाळूची ऊब लागते. तेव्हा टोप घट्ट बांधलेल्या पिशवीत दोन आठवडे ठेवला, की ती चिंता मिटते. गजकर्णाची गोष्ट निराळी. त्या बुरशीचे बीज फणीवर, टोपीवर महिनोन्‌महिने टिकते, दोन आठवड्यांची मुदत तिला काहीच नव्हे. आणि तिला मारणारे उकळते पाणी किंवा तीव्र ब्लीच टोपालाही मारतात. म्हणून गजकर्ण झालेल्या डोक्यावरचा टोप कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, आणि हा प्रश्न तोंडाने स्पष्ट विचारावा. बाकी टोप कोमट पाण्यात, सौम्य शाम्पूने, न चोळता धुऊन सावलीत वाळवावा. उपचार चालू असलेल्या रुग्णाची प्रतिकारशक्ती क्षीण असते. अशा रुग्णासाठी टोप घ्यायचा तर आधी डॉक्टरांना विचारावे, आणि आत स्वतःची सुती टोपी घालावी. स्नेहसंमेलनासाठी टोप आणणाऱ्या शाळांनी तर प्रत्येक मुलाला घरूनच अशी टोपी आणायला सांगावी. ड्रेपरीवाल्याला त्याची तसदी पडत नाही. चिकटवायचा गोंद नेहमी नवा घ्यावा आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूस लावून एक दिवस पाहावा.

उरला पैशाचा प्रश्न. १९३०च्या माल विक्री अधिनियमाप्रमाणे माल विक्रीयोग्य असल्याची गर्भित हमी त्या मालाच्या व्यापाऱ्यावर बंधनकारक असते, शेजारणीवर नव्हे. आणि घेणाऱ्याने माल तपासला असेल तर तपासणीत दिसायला हवा होता त्या दोषाबद्दल त्याला मागाहून बोलता येत नाही. दुकानदाराकडून घेतला तर पावती घ्यावी, म्हणजे प्रसंगी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या मुदतीत दाद मागता येते. खाजगी सौद्यात केस अस्सल की कृत्रिम, किती काळ वापरला, रंगवला होता काय, एवढे तरी कागदावर लिहून सही घ्यावी. विकणाऱ्या भगिनींनी टोपाचे छायाचित्र डोक्यावर घालून न काढता पालथ्या तांब्यावर ठेवून काढावे, घरचा पत्ता देण्यापेक्षा एखाद्या ओळखीच्या दुकानात भेटावे, आणि मोबाईलवर पैसे घेताना कोणी पिन घालायला सांगितला तर सौदा तेथेच मोडावा, कारण पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही. एवढे करूनही कोणी ठकवलेच तर सायबर फसवणुकीची तक्रार नोंदवण्याचा दूरध्वनी क्रमांकही १९३०च आहे. कायद्याचे साल आणि तो आकडा एकच निघाला, हा निव्वळ योगायोग, पण पाठ करायला सोयीचा.