एकट्याचा डाव

कल्याणच्या पुढे कर्जतच्या दिशेने राहणाऱ्या मंडळींना पत्त्यांविषयी मी नवे काय सांगणार? बदलापूरपासून मुंबईपर्यंतचे ६८ किलोमीटर मांडीवर बॅग आडवी ठेवून मेंढीकोट खेळण्यात कित्येकांनी काढलेले आहेत. पण मेंढीकोटाला चार भिडू लागतात. रात्रपाळी करून भर दुपारी जागा झालेला अंबरनाथचा कामगार, किंवा उल्हासनगरात दुकान मुलाच्या हाती सोपवून घरी बसलेले आजोबा, यांनी भिडू आणायचे कुठून? त्यांच्यासाठी एकट्याने खेळायचे डाव आहेत. इंग्रज त्यांना ‘पेशन्स’ म्हणतात, अमेरिकन ‘सॉलिटेअर’. समोर कोणीच नसल्यामुळे पैसे लावायचा प्रश्न नाही, तेव्हा पत्ते म्हणजे जुगार ही घरच्यांची तक्रार इथे टिकत नाही.

एक खोड मात्र या डावांना चिकटलेली आहे, ती शकुन पाहण्याची. “डाव लागला तर नोकरी लागेल,” असे मनाशी म्हणून माणसे पत्ते मांडतात, आणि डाव अडला की दिवसभर तोंड पाडून बसतात. अशांनी आपण कोणता डाव मांडला आहे, एवढे तरी आधी पाहावे.

घड्याळाचाच डाव घ्या. कॅट पिसून चार-चार पालथ्या पत्त्यांचे तेरा ढीग करायचे. बारा घड्याळाच्या आकड्यांसारखे गोल आणि तेरावा मध्ये. मधल्या ढिगाचा वरचा पत्ता उलटायचा. पंजी निघाली तर ती पाचाच्या ढिगाखाली सारायची आणि त्या ढिगाचा वरचा पत्ता उचलायचा. एक्का एकावर, गुलाम अकरावर, राणी बारावर. राजा आला की परत मध्ये. चौथा राजा आला की खेळ संपला, कारण मध्ये उचलायला पत्ता उरत नाही. त्याआधी खेळ कुठेही अडत नाही. म्हणजे बावन्नच्या बावन्न पत्ते उताणे व्हायचे असतील, तर अगदी शेवटचा पत्ता राजाच असायला हवा. शेवटी कोणताही पत्ता येण्याचा संभव सारखाच, आणि राजे बावन्नात चार. तेव्हा तेरा डावांत सरासरी एक लागणार! तुम्ही हुशार असा की नसा, खेळताना एकदाही निर्णय घ्यावा लागत नाही. असल्या डावाला नोकरीचे विचारले, तर तेरांतून बारा वेळा तो ‘नाही’च म्हणणार. त्यात तुमच्या नशिबाचा काय दोष?

संगणकामुळे घरोघर पोहोचलेला सात रांगांचा डाव, क्लोंडाइक, याहून बरा. १९९० साली विंडोजबरोबर तो आला आणि कचेऱ्यांतून कामाच्या वेळी फार खेळला गेला. यात एकापासून सातापर्यंत पत्त्यांच्या रांगा, लालवर काळा आणि काळ्यावर लाल असा उतरता क्रम. हातातले पत्ते तीन-तीन करून उलटायचे. संगणकावर तपासून असे दिसले आहे, की सगळे पालथे पत्ते आधीच ठाऊक असते तर शंभरातले सुमारे ८२ डाव सोडवता आले असते. आपल्याला ते ठाऊक नसतात. म्हणून आपले त्याहून पुष्कळ कमी सुटतात. उरलेले अठराएक कोणालाही सुटणारे नव्हेत.

माझ्या मते विचार करणाऱ्याने फ्रीसेल खेळावा. पॉल अल्फिल याने १९७८ मध्ये तो संगणकावर बसवला. सगळे पत्ते आठ रांगांत उताणे, आणि एकेक पत्ता तात्पुरता ठेवायला चार रिकामी घरे. लपलेले काहीच नाही. विंडोजमधल्या पहिल्या ३२,००० क्रमांकित डावांपैकी क्रमांक ११९८२ एवढा एकच सुटत नाही. म्हणजे इथे अडलो तर बहुधा आपणच अडलो; मागे जावे, पुन्हा पाहावे. संगणक नको असेल तर सतरंजीवर मांडा. अंबरनाथ हे एकेकाळी विम्कोच्या काडेपेट्यांचे गाव होते. चार घरांच्या खुणेला चार काडेपेट्या ठेवल्या की झाले.

“डाव लागेल का?” हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही बरं का. १९४६ साली स्टॅनिस्लाव उलाम हा गणिती आजारातून उठत असताना कॅनफील्ड नावाचा पेशन्स खेळत होता. हा डाव लागण्याचा संभव किती, याचे गणित त्याला फार किचकट वाटले. मग त्याच्या मनात आले, की त्यापेक्षा शंभरएक डाव मांडून किती लागतात ते मोजावे. तीच युक्ती फॉन नॉयमनच्या मदतीने अणूच्या संशोधनात वापरली गेली. ‘माँटे कार्लो पद्धत’ ती हीच.

आता गाडीतल्यांसाठी एक डाव, ज्याला मांडीसुद्धा लागत नाही. पालथा कॅट हातात धरून एकेक पत्ता उताणा करीत जा आणि नेहमी शेवटचे चार पाहा. चौथा आणि पहिला एकाच जातीचे, समजा दोन्ही बदाम, निघाले तर मधले दोन काढा. दोन्ही सारख्या आकड्याचे असले तर चारही काढा. नाहीतर पुढचा पत्ता. सगळे पत्ते गेले तर डाव लागला. फार क्वचित लागतो, हे आधीच सांगून ठेवतो. चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेल्या माणसालाही हा खेळता येतो, फक्त काढलेले पत्ते टाकायला शर्टाचा खिसा मोकळा ठेवावा.